इलेक्ट्रॉन, टाउरी की आणखी काही? वेब तंत्रावर डेस्कटॉप अ‍ॅप करण्याचा जमाखर्च

कळफलक

नमस्कार मंडळी. एक डेस्कटॉप अ‍ॅप करायचं आहे: मोठ्या लॉग फायली उघडायच्या, त्यात शोधायचं, गाळायचं, थोडे आलेख काढायचे. फायली २०० एमबीपासून ३ जीबीपर्यंत. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालायला हवं. बरीचशी यंत्रं इंटरनेटला जोडलेली नसतील. ट्रेमध्ये (घड्याळाजवळच्या चिन्हांच्या पट्टीत) बसून चालू फायलीवर लक्षही ठेवता यायला हवं. टीम तिघांची, टाइपस्क्रिप्ट आणि रिअ‍ॅक्ट तिघांना व्यवस्थित येतं, रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा एकालाही नाही.

वेब तंत्रावर डेस्कटॉप अ‍ॅप बांधायच्या चौकटी बघतोय. त्यातल्या इलेक्ट्रॉनबद्दल 'रॅम खातो' हे ऐकून कान किटलेत. त्यापलीकडचं हवंय. काय मिळतं, काय मोजावं लागतं, फसगत कुठे होते?

खिडकीवाला

आधी एक गोष्ट पक्की करा: ब्राउझरचं इंजिन कोणाच्या ताब्यात ठेवायचं? बाकीचे बहुतेक प्रश्न त्यातूनच निघतात.

इलेक्ट्रॉन क्रोमियम (क्रोमच्या मुळाशी असलेला ब्राउझर) आणि नोड.जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) दोन्ही तुमच्या अ‍ॅपसोबत बांधून देतो. त्यामुळे तिन्ही ओएसवर एकच इंजिन, एकच आवृत्ती. सीएसएस एकीकडे नीट दिसलं की दुसरीकडेही जवळजवळ तसंच दिसतं. बदल्यात वजन उचलावं लागतं: इन्स्टॉलर साधारण ८० ते १०० एमबी, डिस्कवर उलगडल्यावर २०० एमबीच्या वर. शिवाय क्रोमियममध्ये सुरक्षेचं भोक सापडलं की ते बुजवलेलं नवं अ‍ॅप लोकांपर्यंत पोचवणं हे तुमचं काम.

टाउरी, वेल्स वगैरे दुसऱ्या चौकटी ओएसमध्ये असलेलंच वेबव्ह्यू, म्हणजे अ‍ॅपच्या आत वेब पान दाखवणारा घटक, वापरतात. विंडोजवर वेबव्ह्यू२, म्हणजे एजचं क्रोमियम. मॅकवर डब्ल्यूकेवेबव्ह्यू, लिनक्सवर वेबकिटजीटीके. लहान अ‍ॅप ५-१० एमबीत बसतं आणि इंजिनचे सुरक्षा पॅच ओएस लावते. पण चाचणी तीन इंजिनांवर करावी लागते. त्यातही मॅकवरचं वेबव्ह्यू ओएसच्या आवृत्तीला बांधलेलं असल्यामुळे जुन्या मॅकवर जुनंच इंजिन मिळतं. तिथे एखादं नवं सीएसएस किंवा जेएस वैशिष्ट्य नसेल तर तुमच्या हातात काही नाही.

तुमच्या बाबतीत एक मेख आहे. यंत्रं ऑफलाइन आहेत म्हणता. विंडोज ११ मध्ये वेबव्ह्यू२ आधीच असतं. विंडोज १० वर ते अपडेटमधून येतं, आणि कायम ऑफलाइन असलेल्या यंत्रावर ते असेलच असं धरून चालू नका. टाउरीचा इन्स्टॉलर नेहमीच्या सेटिंगमध्ये ते इंटरनेटवरून उतरवायला जातो आणि जोडणी नसेल तर तिथेच अडकतो. ऑफलाइन इन्स्टॉलर सोबत द्यायचा तर सुमारे १२७ एमबी वाढतात, ठरावीक आवृत्ती बांधून द्यायची तर सुमारे १८० एमबी. म्हणजे लहान इन्स्टॉलरचं कौतुक विंडोजपुरतं तिथेच संपलं.

मेमरीमापक

रॅमचं ऐकून कान किटले असले तरी दोन ओळी लिहितोच, कारण मोजमाप बहुतेक ठिकाणी चुकीचं असतं.

क्रोमियम एकाच अ‍ॅपसाठी अनेक प्रोसेस उघडतो: मुख्य, जीपीयू, नेटवर्क आणि प्रत्येक खिडकीसाठी साधारण एक रेंडरर (पान रंगवणारी प्रोसेस). प्रत्येकीची मेमरी घेऊन बेरीज केली की मेमरीची सामायिक पानं पुन्हापुन्हा मोजली जातात. लिनक्सवर पीएसएस (सामायिक मेमरी वाटून धरणारा आकडा) बघा, विंडोजवर प्रायव्हेट वर्किंग सेट. आणि टाउरीशी तुलना करताना विंडोजवर वेबव्ह्यू२ च्या प्रोसेस धरायला विसरू नका. त्या वेगळ्या नावाने दिसतात, आणि 'टाउरी अ‍ॅप फक्त १० एमबी घेतं' छापाचे स्क्रीनशॉट नेमक्या त्याच गाळून काढलेले असतात. दोन्हीकडे खाली क्रोमियमच असल्यामुळे विंडोजवरचा फरक लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप कमी भरतो.

रिकाम्या इलेक्ट्रॉन अ‍ॅपला शंभर-दीडशे एमबी लागतात हे खरं. पण लॉग बघायचं अ‍ॅप १ जीबीवर गेलं तर उरलेले साडेआठशे एमबी इलेक्ट्रॉनने खाल्लेले नसतात. ते आपल्या कोडने खाल्लेले असतात.

गंजलेला

रस्टवाला असल्याने दुसरी बाजू मांडतो.

टाउरीत गाभा रस्टमध्ये असतो, आणि तुमच्या कामाचा कस तिथेच लागणार आहे. ३ जीबीची फाइल वाचणं, ओळी तोडणं, रेगेक्स (नमुन्याने शोध) चालवणं यात रस्ट जावास्क्रिप्टच्या पुढे आहे. शिवाय गार्बेज कलेक्टरच्या (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या यंत्रणेच्या) उचक्या नाहीत. टाउरीची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये स्थिर झाली. त्यातली परवानग्यांची पद्धत मला आवडते: कुठल्या खिडकीला कुठली आज्ञा चालवता येईल हे फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं, न लिहिलेलं बंद.

बाधक गोष्टीही सांगतो. पहिलं बिल्ड रडवतं; शेकडो क्रेट (रस्टच्या लायब्ऱ्या) कंपाइल होत बसतात. रस्ट आणि वेबव्ह्यूमधली देवाणघेवाण नेहमीच्या वाटेने जेसन या मजकुरी स्वरूपातून होते, त्यामुळे १ लाख ओळी एका फटक्यात पाठवल्या की सगळा वेळ जेसन बांधण्यात आणि सोडवण्यात जातो. आवृत्ती २ मध्ये कच्चे बाइट परत देता येतात आणि चॅनेलवरून तुकड्यातुकड्याने पाठवता येतं. पहिल्या दिवसापासून तेच वापरा.

आणखी एक खड्डा: टाउरी १ वरून २ वर जाताना विंडोजवर पानाचा पत्ता एचटीटीपीएस टाउरी.लोकलहोस्ट होता, तो एचटीटीपी झाला. ब्राउझरच्या दृष्टीने हे वेगळं ओरिजिन, म्हणजे जणू वेगळी साइट, त्यामुळे लोकल स्टोरेज आणि इंडेक्स्ड-डीबी या ब्राउझरच्या साठ्यांतलं सगळं गायब झाल्यासारखं दिसतं. खिडकीच्या सेटिंगमध्ये एचटीटीपीएस स्कीम चालू ठेवली की जुनं परत दिसतं. यातून घ्यायचं ते एवढंच की वापरकर्त्याचा कुठलाही महत्त्वाचा डेटा लोकल स्टोरेजमध्ये ठेवू नका. अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये एसक्यूलाइट डेटाबेसची फाइल ठेवा. इलेक्ट्रॉनमध्येही हेच करा. तिथे फाइल प्रोटोकॉलवरून स्वतःच्या प्रोटोकॉलवर गेलात की हाच प्रकार होतो.

अर्धविराम

चौकट कुठलीही घ्या, ३ जीबीची फाइल दाखवायची रचना चुकली तर दोन्हीकडे सारखीच माती होणार. हे जरा विस्ताराने लिहितो.

पूर्ण फाइल मेमरीत घेणं विसरा. नोडचं एकदम वाचणारं फंक्शन २ जीआयबीच्या वरच्या फाइलला सरळ नकार देतं. त्याच्या आतली फाइल असली तरी व्ही८ मध्ये (नोडच्या जावास्क्रिप्ट इंजिनात) एका स्ट्रिंगची कमाल लांबी सुमारे ५३.७ कोटी अक्षरं आहे, म्हणजे साध्या इंग्रजी लॉगला अर्धा जीबीच्या आसपास भिंत येते.

त्याऐवजी फाइल १ एमबीच्या तुकड्यांत वाचत जा आणि ओळ कुठल्या बाइटवर सुरू होते याची सूची करा. ओळ सरासरी १५० बाइटची धरली तर ३ जीबीत २ कोटी ओळी. प्रत्येक ओळीची जागा ८ बाइटमध्ये ठेवली तर निव्वळ सूचीच १६० एमबी. म्हणून दर १,००० व्या ओळीचीच जागा नोंदवा: २०,००० नोंदी, १६० केबी. मधली ओळ हवी असेल तेव्हा जवळच्या नोंदीपासून दीडशे केबी वाचून मोजायच्या. एसएसडीवर ते जाणवतही नाही.

ओळी तोडताना बाइटवर तोडा, अक्षरांवर नको. यूटीएफ-८ मध्ये नव्या ओळीचा ०ए हा बाइट दुसऱ्या कुठल्याही अक्षराच्या पोटात येत नाही, त्यामुळे हे सुरक्षित आहे. आधी तुकडा डीकोड करून मग ओळी तोडल्या तर तुकड्याच्या कडेवर तीन बाइटचं अक्षर अर्धं कापलं जातं आणि तिथे प्रश्नचिन्हाचा चौकोन उगवतो. यूटीएफ-१६ फायलींची मात्र वेगळी सोय करा. विंडोजच्या पॉवरशेल ५.१ मधून बाणाने फाइलमध्ये वळवलेला लॉग यूटीएफ-१६ च असतो, आणि तिथे ०ए हा बाइट भलत्याच अक्षराचा अर्धा भाग असू शकतो. फाइलच्या सुरुवातीचा बॉम (एन्कोडिंगची खूण असलेले बाइट) तपासला की कळतं.

आता दाखवणं. व्हर्च्युअल स्क्रोलिंग करायचं हे सगळ्यांना माहीत असतं: दिसणाऱ्या ५०-६० ओळींचेच डॉम घटक (पानावरचे प्रत्यक्ष घटक) ठेवायचे आणि बाकीची उंची एका रिकाम्या डिव्हने भरायची. पण क्रोमियममध्ये घटकाची उंची सुमारे ३.३५ कोटी पिक्सेलला थांबते. २० पिक्सेलची ओळ धरली तर १६.७ लाख ओळींनंतर फाइल 'संपते'. तुमच्या २ कोटी ओळींना ४० कोटी पिक्सेल लागतील. उपाय म्हणजे डिव्ह ठरावीक उंचीचा ठेवायचा, स्क्रोलबारची जागा प्रमाणात ओळीत बदलायची, आणि चाकाने किंवा बाणाने हलवलं तर नेमक्या ओळी मोजून सरकायचं. तयार व्हर्च्युअल-लिस्ट लायब्ररी घेण्याआधी हे तिला जमतं का ते बघा. बऱ्याच जणींना जमत नाही. छोट्या फाइलवर चाचणी केली तर हा दोष दिसतच नाही, म्हणून चाचणीची फाइल पहिल्यापासून २ कोटी ओळींचीच बनवून ठेवा.

कळफलक

अर्धविराम, हे सोनं आहे. इलेक्ट्रॉनमध्ये हे वाचनाचं काम नेमकं कुठे टाकायचं? मुख्य प्रोसेसमध्ये नोड आहेच, म्हणून तिथेच लिहायला सुरुवात केली होती.

अर्धविराम

तिथून लगेच हलवा. मुख्य प्रोसेस खिडक्या, मेनू, इनपुट सगळ्याची वाहतूक सांभाळते. ती ३०० मिलिसेकंद अडली की सगळ्या खिडक्या थिजतात, रेंडरर मोकळा असला तरी. 'इलेक्ट्रॉन अ‍ॅप अडखळतं' या तक्रारीत हे कारण वारंवार निघतं. सिंक्रोनस (काम संपेपर्यंत अडवून ठेवणारं) फाइल वाचन आणि सिंक्रोनस आयपीसी (प्रोसेसमधली देवाणघेवाण) दोन्ही मुख्य प्रोसेसमधून हद्दपार.

इलेक्ट्रॉन २२ पासून युटिलिटी प्रोसेस नावाची सोय आहे. नोड असलेली वेगळी प्रोसेस, आणि मेसेज पोर्टने ती थेट रेंडररशी जोडता येते, मुख्य प्रोसेसला मध्ये न घेता. सूची आणि शोध तिथे. रेंडररने फक्त 'ओळ क्रमांक अमुकपासून ६० द्या' म्हणायचं. स्क्रोल करताना जुन्या मागण्या रद्द करायची सोय ठेवा, नाहीतर वापरकर्ता तळाशी पोचल्यावरही मधल्या ओळींची उत्तरं येत राहतात.

ट्रेमध्ये बसणाऱ्या अ‍ॅपसाठी पुरवणी: खिडकी लपली की क्रोमियम तिचे टायमर सेकंदाला एकवर आणतो, आणि काही मिनिटांनी मिनिटाला एकवर. फाइलवर लक्ष ठेवणारा टायमर रेंडररमध्ये असेल तर सूचना उशिरा येणार. टायमर असे हळू करणं, म्हणजे थ्रॉटलिंग, बंद करायचं सेटिंग आहे, पण त्याने बॅटरी जाते. तेही काम युटिलिटी प्रोसेसमध्येच टाका आणि लपलेली खिडकी सरळ नष्ट करा. रेंडररची मेमरी परत मिळते; खिडकी पुन्हा उघडायला लागणारा क्षण परवडतो.

कुलूपकिल्ली

सुरक्षेबद्दल कोणीच बोललं नाही अजून. लॉग फाइल म्हणजे परक्याने लिहिलेला मजकूर. त्यात एचटीएमएल असू शकतं, कोणी मुद्दाम घालूही शकतं. शोधलेला शब्द रंगवण्यासाठी इनर-एचटीएमएल (मजकूर एचटीएमएल म्हणूनच पानात टाकणं) वापरलंत की वेबसाइटवर ज्याला साधं एक्सएसएस (परका कोड पानात घुसून चालणं) म्हणतात ते इथे घडलं. फरक एवढाच की मागे तुमची सगळी डिस्क आहे.

इलेक्ट्रॉनची आजची मूळ सेटिंग बरी आहेत: नोड इंटिग्रेशन (पानाला थेट नोड) आवृत्ती ५ पासून बंद, कॉन्टेक्स्ट आयसोलेशन (पान आणि प्रीलोड वेगळे) १२ पासून चालू, सँडबॉक्स (रेंडररला कोंडून ठेवणं) २० पासून चालू. इंटरनेटवरची जुनी उत्तरं वाचून 'चालत नाही' म्हणून ही उलटी करू नका. प्रीलोडमधून (पानाआधी चालणाऱ्या स्क्रिप्टमधून) अख्खा आयपीसी-रेंडरर पानाला देऊन टाकणं हेही तसंच. 'फाइल उघड', 'ओळी दे', 'शोध' अशी मोजकी फंक्शनं द्या, आणि पलीकडे मार्ग तपासा. पानाने सांगितलेला कुठलाही मार्ग वाचायचा नाही. वापरकर्त्याने डायलॉगमधून निवडलेल्या फायलींना एक क्रमांक द्यायचा आणि पानाला तेवढाच माहीत असू द्यायचा.

लॉगमधले दुवे क्लिक करण्याजोगे करणार असाल तर बाहेर उघडण्याआधी स्कीम एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस आहे ना बघा. ओपन-एक्स्टर्नलला (दुवा बाहेर उघडणाऱ्या फंक्शनला) काहीही दिलं तर ते स्थानिक प्रोग्रामही चालवू शकतं. शिवाय पॅकेज करताना फ्यूज (पॅकेज करतानाच कायमची ठरणारी सेटिंगं) बघा: रन-अ‍ॅज-नोड बंद करा, नाहीतर तुमच्या सहीचं अ‍ॅप कोणालाही फुकटचा नोड म्हणून वापरता येतं. मात्र चाइल्ड प्रोसेसचं फोर्क वापरत असाल तर ते यावरच चालतं, म्हणून आधी युटिलिटी प्रोसेसवर जा आणि मग हा फ्यूज उडवा.

पेंग्विनपंथी

लिनक्सचं माझ्याकडे.

टाउरी: आवृत्ती २ ला वेबकिटजीटीके ४.१ लागतं. जुन्या डिस्ट्रोत ४.० असतं, तिथे अ‍ॅप सुरूच होत नाही. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर काही जोड्यांमध्ये खिडकी पांढरीफट्ट येते; डीएमए-बफ रेंडरर बंद करणारं पर्यावरण चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) दिलं की दिसू लागते. आलेख कॅनव्हासवर काढणार असाल तर वेबकिटजीटीकेवरचा वेग वेगळा मोजा, क्रोमियमवरून अंदाज बांधू नका.

इलेक्ट्रॉन: उबुंटू २४.०४ मध्ये सामान्य प्रोग्रामना युजर नेमस्पेस (प्रोसेसला वेगळं कोंडायची कर्नलची सोय) उघडायला सुरक्षा यंत्रणा अ‍ॅपआर्मर आडवा येतो. मग क्रोमियमचा सँडबॉक्स एसयूआयडी मदतनीस (रूटच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम) शोधतो, त्याचा मालक रूट आणि परवानगी ४७५५ नसेल तर अ‍ॅप तक्रार करून मरतं. डेब पॅकेजमध्ये इन्स्टॉलच्या वेळी ही परवानगी किंवा अ‍ॅपआर्मरचं प्रोफाइल बसवता येतं. अ‍ॅपइमेजला इन्स्टॉलची पायरीच नाही, म्हणून तिथे सगळे नो-सँडबॉक्सचा फ्लॅग चिकटवून मोकळे होतात. कुलूपकिल्लींचा वरचा प्रतिसाद वाचून मग तो फ्लॅग लावायचा का ठरवा. मी डेब आणि आरपीएम देईन.

दोन्हीसाठी: बिल्ड जुन्यात जुन्या आधार द्यायच्या डिस्ट्रोवर करा. नव्या जीलिबसीवर (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर) बांधलेलं जुन्यावर चालत नाही, उलटं चालतं. नेटिव्ह मॉड्यूल (रस्ट किंवा सी++ मध्ये लिहून कंपाइल केलेला भाग) वापरलंत तर इलेक्ट्रॉनलाही हाच नियम.

सहीशिक्का

वितरणाचा खर्च सगळे शेवटी धरतात आणि तोच आयुष्यभर पुरतो.

मॅकवर सही आणि नोटरायझेशन (अ‍ॅपलकडून तपासणी) दोन्ही हवं, आणि इलेक्ट्रॉनला हार्डन्ड रनटाइममध्ये जेआयटीची (चालतानाच कोड कंपाइल करण्याची) परवानगी मागावी लागते. विसरलात तर अ‍ॅप उघडताच कोसळतं. मॅकवर सही नसेल तर इलेक्ट्रॉनचं स्वयं-अपडेटही चालत नाही. विंडोजवर जून २०२३ पासून सहीची खाजगी किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तसल्या क्लाउड सेवेत ठेवणं बंधनकारक आहे. सीआयच्या (आपोआप बिल्ड करणाऱ्या) यंत्रावर फाइल ठेवून सही करायचे दिवस गेले, त्यामुळे बिल्डची साखळी आधीच त्या हिशोबाने आखा. सही असली तरी नव्या अ‍ॅपला विंडोजचा स्मार्टस्क्रीन काही काळ इशारा दाखवतोच.

इलेक्ट्रॉनची नवी मोठी आवृत्ती दर ८ आठवड्यांनी येते आणि शेवटच्या तीनच आवृत्त्यांना पॅच मिळतात. म्हणजे एका आवृत्तीचं आयुष्य सहा महिन्यांच्या आत. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रांच्या लायब्ररीतलं भोक उघड झालं, तेव्हा प्रत्येक इलेक्ट्रॉन अ‍ॅपला स्वतःचं नवं बिल्ड काढावं लागलं. वेबव्ह्यू वापरणाऱ्यांचं काम ओएसच्या अपडेटने झालं. तुमची यंत्रं ऑफलाइन असल्याने मात्र ओएसचं अपडेटही तिथे पोचत नाही, तेव्हा टाउरीचा हा फायदाही तुम्हाला अर्धाच.

टाउरीच्या अपडेटरची किल्ली वेगळी असते, ओएसच्या सहीशी तिचा संबंध नाही. ती हरवली तर आधी बसवलेल्या अ‍ॅपना पुढचं अपडेट कधीच देता येत नाही, सगळ्यांना हाताने नवं बसवायला सांगावं लागतं. दोन ठिकाणी जपून ठेवा.

खिडकीवाला

सहीशिक्का +१.

कळफलक

बरंच डोक्यात बसलं. मग इलेक्ट्रॉन घेतो आणि जड काम रस्टच्या नेटिव्ह मॉड्यूलमध्ये टाकतो, असं केलं तर? आणि पीडब्ल्यूए (ब्राउझरमधूनच बसवायचं वेब अ‍ॅप) किंवा क्यूटीचा (सी++ मधल्या यूआय चौकटीचा) विचार अगदीच सोडावा का?

गंजलेला

पीडब्ल्यूए नाही. ट्रे नाही, आणि डिस्कवरच्या फायली नीट हाताळणारा एपीआय क्रोमियमच्या घराण्यापुरताच. क्यूटी या कामाला उत्तम आहे, २ कोटी ओळींची यादी ते सहज पेलतं. पण तिघांना सी++ शिकवण्याचा वेळ धरा. हलक्या नव्या यूआय लायब्ऱ्यांच्या मोहात पडणार असाल तर आधी जोडाक्षरं, उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपी, आयएमई (चिनी वगैरे लिप्या टाइप करायची सोय) आणि स्क्रीन रीडर तपासा. ब्राउझर इंजिनात हे फुकट मिळतं, तिथे बहुतेकदा अर्धवट असतं.

इलेक्ट्रॉन आणि रस्ट ही जोडी चालते; वनपासवर्ड ८ याच पद्धतीने बांधलेलं आहे. मॉड्यूल नोड-एपीआयवर (नोडच्या स्थिर इंटरफेसवर) लिहा, म्हणजे दर इलेक्ट्रॉन आवृत्तीला नव्याने कंपाइल करावं लागत नाही. थेट व्ही८ वर लिहिलेल्या मॉड्यूलना मॉड्यूल-व्हर्जन जुळत नसल्याची ती प्रसिद्ध चूक येते. आणि इलेक्ट्रॉन २१ पासून व्ही८ च्या मेमरी पिंजऱ्यामुळे रस्टने स्वतः घेतलेली मेमरी बफर म्हणून जशीच्या तशी जेएसला देता येत नाही, कॉपी करावी लागते. ६० ओळींच्या पानाला त्याने काही बिघडत नाही. अख्खी फाइल द्यायला गेलात तर बिघडेल, पण ती द्यायचीच नाहीये.

अर्धविराम

पण कळफलक, मॉड्यूलच्याही आधी सोपा रस्ता बघा: रिपग्रेप या शोधाच्या साधनाची एक्झिक्युटेबल सोबत द्या आणि वेगळी प्रोसेस म्हणून चालवा. व्हीएस कोडचा फायलींमधला शोध यावरच चालतो. जेसन स्वरूपात निकाल मागा, त्यात बाइटची जागाही येते, म्हणजे वरच्या सूचीशी थेट जुळतं. टीमला रस्टची एकही ओळ लिहावी लागत नाही.

दोन ठिकाणी ठेच लागते. पॅकेज केल्यावर तुमचा कोड असार या एकत्र फाइलमध्ये जातो, आणि स्पॉन (नवी प्रोसेस सुरू करणारं फंक्शन) त्याच्या आतली एक्झिक्युटेबल चालवू शकत नाही. डेव्हलपमेंटमध्ये सगळं चालतं, इन्स्टॉल केलेल्या अ‍ॅपमध्ये 'फाइल सापडली नाही' येतं. ती असारच्या बाहेर ठेवायचं सेटिंग द्या आणि कोडमधला मार्गही 'अनपॅक्ड' फोल्डरकडे वळवा. दुसरं, मॅकवर त्या एक्झिक्युटेबलवरही स्वतंत्र सही लागते, नाहीतर नोटरायझेशन परत येतं. इंटेल आणि आर्म दोन्हींसाठी वेगळी प्रत द्या. आणि शोध रद्द झाला की ती प्रोसेस मारायला विसरू नका. वापरकर्ता शब्द टाइप करत असताना प्रत्येक अक्षराला एक रिपग्रेप सुटला तर ३ जीबीच्या फाइलवर दहा जण एकदम तुटून पडतात. टाइपिंग थांबल्यावर २०० मिलिसेकंदांनी एकच सोडा.